वीर मारुती, दास मारुती

(मंदिराच्या कलशारोहणाच्या दिवशी सायंकाळच्या सभेत झालेले व्याख्यान. वक्ते गावचे निवृत्त शिक्षक असून जीर्णोद्धाराच्या काळात श्रमदानाची नोंदवही त्यांच्याकडे होती.)



आज सकाळी कळस चढला. दोरखंड ओढणाऱ्या पोरांच्या हाताला फोड आले, आणि खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी. अशा दिवशी लांबलचक बोलणाऱ्या माणसाचा लोकांना राग येतो, हे चाळीस वर्षे वर्गात उभा राहिल्यामुळे मला ठाऊक आहे. तरी समितीने आज्ञा केली आणि मी ती मोडली नाही, कारण मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. तो प्रश्न याच पारावर विचारला गेला होता.

माझ्या आजोबांच्याही आधीपासून आपण या देवाला वीर मारुती म्हणत आलो. वेशीवरचा देव, गावाची राखण करणारा. त्याचा एक हात उगारलेला असणार आणि पायाखाली राक्षस असणार, हे आपण धरूनच चाललो होतो. मूर्ती अशी डोळ्यांनी कोणी पाहिली नव्हती. पिढ्यान्पिढ्या शनिवारचा शेंदूर आणि तेल चढत गेले, थरावर थर बसला, आणि देवाचे अंग म्हणजे नुसता लाल गोळा झाला. जीर्णोद्धारासाठी विधिपूर्वक ते शेंदराचे कवच उतरवले. आतून काळा पाषाण निघाला, आणि त्यात दिसले दोन्ही हात छातीशी जोडलेले. आपला मारुती वीर मारुती नव्हता, दास मारुती होता.

त्या दिवशी काहींना आनंद झाला, काही हिरमुसले. एक वडीलधारे गृहस्थ पारावर बसून म्हणाले, "म्हणजे आपला देव लढणारा न्हाईच व्हय?" मी त्या वेळी गप्प राहिलो. आज त्यांना उत्तर देतो.

समर्थ रामदासस्वामी मूळचे आपल्याच बाजूचे. त्यांचे जांब गाव आज जालना जिल्ह्यात आहे. सातारा जिल्ह्यात चाफळला त्यांनी रामाचे देऊळ उभारले आणि तेथे दोन मारुती स्थापिले. एक रामासमोर हात जोडून उभा, दुसरा देवळामागे, प्रतापी रूपाचा. दोन वेगळे देव नव्हेत, देव एकच. जो लंका जाळू शकतो, तोच हात जोडून उभा राहू शकतो. किंबहुना ज्याला हात जोडता येतात, त्याच्याच हाती गदा शोभते. नाहीतर गदा काय, गुंडाच्याही हाती असते.

आपल्या मराठवाड्याने हेच आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपला. त्यात आपल्या भागातली किती तरी माणसे कामी आली. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यासी होते. अंगावर संन्याशाची वस्त्रे, आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसची धुरा खांद्यावर. तुरुंगही भोगला. ज्याला स्वतःसाठी काहीच नको होते, अशा माणसाच्या मागे लोक जीव द्यायला उभे राहिले. हे बळ कुठून येते, याचा विचार आपण करायला हवा.

आता गोदामाईच्या काठाने थोडे वर, पैठणला चला. पैठणच्या धरणाच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो, आणि त्याचे पाणी डाव्या कालव्याने आपल्या जिल्ह्यात येते. तेव्हा नाथांचे आणि आपले नाते नुसते कीर्तनातले नाही, ते उसाच्या आणि कापसाच्या मुळाशी पोचलेले आहे.

संत एकनाथ लहानपणी देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. जनार्दनस्वामी किल्लेदार होते. हातात तलवार आणि मुखी नाम. परंपरा सांगते, की एकदा शत्रू किल्ल्यावर चालून आला तेव्हा स्वामी समाधीत होते. त्यांची समाधी मोडू नये म्हणून कोवळ्या वयाच्या एकनाथांनी त्यांचा पोशाख आणि चिलखत चढवले, घोड्यावर बसले आणि शत्रूला हटवले. लढाई संपल्यावर चिलखत जागच्या जागी ठेवून दिले आणि एका शब्दाने ते बोलले नाहीत.

कीर्तनकार ही लढाई दोन मिनिटांत संपवतात. तुम्हीही इतकी कीर्तने ऐकलीत, तुमच्या ध्यानात काय राहिले? एक पैची चूक राहिली आणि तहानेलेले गाढव राहिले. खरे ना?

पैची गोष्ट अशी. स्वामींनी किल्ल्याच्या हिशेबाचे काम एकनाथांकडे दिले होते. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. दिव्यात तेल घालून हा मुलगा रात्रभर वह्या चाळत बसला. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने त्याने टाळी वाजवली आणि त्या टाळीने गुरू जागे झाले. एका पैसाठी ज्याने रात्र जाळली, त्याला अध्यात्म शिकवायचे काय बाकी राहिले, असे गुरूंना वाटले. ही झाली सचोटी.

गाढवाची गोष्ट पुढची. काशीहून गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. उन्हात तडफडणारे एक गाढव दिसले. नाथांनी कावड खाली ठेवली आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. बरोबरचे लोक हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथेच भेटला. हा झाला कळवळा.

बंधूंनो, या दोन गोष्टी आपण निरनिराळ्या ऐकतो आणि म्हणून चुकतो. एखादा म्हणतो, माझा व्यवहार चोख, मग मला दयामाया नसली तर काय बिघडले? दुसरा म्हणतो, मी गोरगरिबांना देतो, मग ते कुठून आणले हे विचारू नका. पण पै मोजणारा आणि पाणी ओतणारा हे दोघे एकच गृहस्थ होते. आणखी एक बारकावा पाहा. नाथांनी गाढवाला पाजलेले पाणी कोणाचे होते? स्वतःच्या खांद्यावर, स्वतःच्या पायांनी वाहून आणलेले. दया आपल्या कावडीतून करायची असते, दुसऱ्याच्या कावडीतून नव्हे.

कोणी म्हणेल, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे कोठार लुटवले, ते दुसऱ्याचेच होते. होय. भुकेल्या माणसांपुढे त्यांनी नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लावले. पण आपल्या पूर्वजांनी ती कथा कशी पुरी केली आहे ते आठवा. विठोबाला विठूचे रूप घेऊन बिदरला जावे लागले, धान्याची रक्कम दरबारात भरावी लागली आणि पावती घ्यावी लागली. देवाच्या राज्यातही पावती सुटलेली नाही!

इथवर मी पुराणिकासारखे बोललो. आता शिक्षक म्हणून नव्हे, एक अपराधी माणूस म्हणून बोलतो. ही गोष्ट मी आजवर घरातही पूर्ण सांगितलेली नाही.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसांना आठवत असेल. विहिरी आटल्या, दावणीची जनावरे बाजारात कवडीमोलाने गेली. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कोणी रस्त्याची खडी फोडत होते, कोणी पाझर तलावाची माती वाहत होते. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि १९७९ पासून तो लागू झाला. घामाला दाम हा गरिबाचा हक्क ठरला.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होतो. अक्षर चांगले म्हणून एका तलावाच्या कामावर हजेरी लिहायला लागलो. कामावरच्या वरच्या माणसाने दुसऱ्याच आठवड्यात मला बाजूला घेतले आणि पाच नावे सांगितली. ती माणसे कामावर येत नव्हती. त्यांची हजेरी लिहायची, पगार उचलायचा, त्यातला थोडा वाटा माझा. मी लिहिली. आमच्या घरी बैलजोडी विकली गेली होती आणि आई अर्धपोटी झोपत होती. मी मनाची समजूत घातली, की सरकारचे पैसे सरकारला काय कमी? आईच्या पोटात घास गेला तर पुण्यच आहे. पाहा, दुसऱ्याच्या कावडीतले पाणी मी दया म्हणून पाजत होतो.

आणि एकदा खोटे लिहायला बसले, की खऱ्याची किंमत उरत नाही. पाच नावे खोटी लिहायची, मग बाकीच्यांची तरी कशाला नीट पाहायची? काही दिवस मी संध्याकाळी बसून सगळ्यांच्याच नावापुढे एका हाताने खुणा ओढत असे. दुसरीकडे, आपण फार कडक आहोत असे दाखवण्यासाठी उशिरा येणाऱ्याची अर्धी हजेरी कापत असे. जो चोरी करतो त्याला शिस्तीचा फार सोस असतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

कामावर एक बाई होती. शेजारच्या गावची, वयाने माझ्या आईएवढी, निरक्षर. कमरेला एक सुताची दोरी बांधायची. पगाराच्या दिवशी मी पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. तिने दोरी सोडली, गाठी चाचपल्या आणि म्हणाली,

"बापू, माझ्या पाच गाठी हायत. तुमी साडेपाच दिसाचं दिलं."

मी म्हणालो, "मावशी, जास्तच आलं ना? मग घ्या की."

ती म्हणाली, "तसं न्हाई. मंगळवारी लेकराला जुलाब झाले म्हून मला यायला घटकाभर उशीर झाला. तुमी अर्धा दिस कापला. पर म्या दिवस मावळस्तोवर माती वाहिली, तवा तो पुरा दिस माझा हाय. शुक्रवारी म्या आलेच न्हवते, त्यो दिस तुमी लिवलाय. जो कापला त्यो माझा होता. जो दिला त्यो माझा न्हाई."

हिशेब बिनचूक होता. तिने अर्ध्या दिवसाचे पैसे, सव्वा रुपया, माझ्या टेबलावर ठेवला. वरचा माणूस शेजारी बसला होता. तो हसून म्हणाला, "ठेव की बाई, सरकार काय विचारायला येतंय?" ती त्याच्याकडे न बघता दोरी कमरेला बांधत म्हणाली, "सरकार येत न्हाई. पर रातच्याला ह्या गाठी म्याच मोजते."

मायबापांनो, त्या बाईच्या घरात त्या सव्वा रुपयाची काय किंमत होती, याची कल्पना आजच्या पोरांना यायची नाही. तिच्या हातात शस्त्र नव्हते, अक्षर नव्हते. पण त्या तळपत्या उन्हात, त्या टेबलासमोर उभी राहून तिने जी लढाई जिंकली, ती मी रोज हरत होतो. शत्रू तिचाही तोच होता आणि माझाही तोच: पोटातली भूक आणि कोणी बघत नाही ही भावना. संतांनी मनाशी चाललेल्या झगड्याला लढाई का म्हटले, ते मला त्या दिवशी कळले.

मी लगेच सुधारलो असे सांगितले तर ते पुन्हा खोटे होईल. आणखी दोन आठवडे मी ती नावे लिहिली. भीती होती. तिसऱ्या आठवड्यात हात थांबला, मी नाही म्हणालो, आणि चार दिवसांत कामावरून गेलो. तोवर ८६ रुपये माझ्या वाट्याला आले होते. पुढे शिक्षकाची नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून तेवढी रक्कम सरकारी खजिन्यात भरली. कागदावर मेळ बसला. पण त्या बाईचा अर्धा दिवस मी कापला होता, तो मी का कापला? लेकरू आजारी होते, हे मी विचारलेसुद्धा नव्हते. पैसे तिने स्वतःच वळते करून घेतले, पण ते न विचारणे माझ्याकडे तसेच राहिले. मी नंतर तिच्या गावी गेलो. ते कुटुंब जगायला बाहेरगावी गेले होते, पुन्हा भेट नाही. पैशाची चूक फेडता आली, कळवळ्याची चूक फेडता आली नाही. तुम्हा तरुणांना हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

म्हणून जेव्हा देवळाचे काम निघाले, तेव्हा मी समितीला विनंती केली, की माझ्याकडे दुसरे काही देऊ नका, श्रमदानाची हजेरी तेवढी द्या. त्यांना वाटले, म्हाताऱ्याला बैठे काम हवे आहे. आज त्यांना कारण कळले असेल.

ही हजेरी लिहितानाही परीक्षा सुटली नाही. माझ्या अगदी जवळच्या एका माणसाने सकाळी येऊन चार टोपली वाळू उचलली, फोटो काढला आणि तो निघून गेला. संध्याकाळी म्हणाला, "मास्तर, पुरा दिवस लावा." हात थबकला. पन्नास वर्षांनी तीच वेळ पुन्हा आली. मी जेवढे काम तेवढेच लिहिले. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग स्वतःहून आले आणि दोन दिवस खपले. उलट एक आजी रोज येऊन सावलीत बसायच्या आणि गवंड्यांच्या जेवणासाठीचे तांदूळ-डाळ निवडायच्या. कोणी म्हणाले, हे काय श्रमदान झाले? मी विचारले, आजी किती वाजता येता? म्हणाल्या, "नातवंडं शाळंत गेली की येते, ती यायच्या आत जाते." त्यांच्या नावापुढे मी प्रत्येक दिवस पुरा लिहिला. त्यांच्यापाशी होते तेवढे सगळे त्यांनी दिले होते. यात सचोटी मोडली असे ज्याला वाटेल त्याने मला सांगावे, मी वही उघडून बसेन.

समितीने दर आठवड्याचा जमाखर्च पारावरच्या फळ्यावर लिहिला, याबद्दल मी सभासदांना नमस्कार करतो. या स्मरणिकेत देणग्या रकमेच्या क्रमाने छापलेल्या नाहीत, आल्या त्या तारखेच्या क्रमाने आहेत, आणि श्रमदानाचे दिवस त्यांच्या शेजारीच आहेत. मोठ्या देणगीदारांनी हे मान्य केले, ही त्यांची दुसरी देणगी. ज्यांनी मुंबई-पुण्याहून पैसे पाठवले त्यांना माझे एवढेच सांगणे, की दगडात तुमचा पैसा नीट बसला आहे, पै न पै.

आता पारावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर. आपला देव लढणारा आहे की नाही? लढाई तर रोज आहे. बांधावर नांगराचे एक तास पलीकडे सरकवायचा मोह होतो तेव्हा ती असते. कालव्याची पाळी शेजाऱ्याची असताना रात्री दार उघडायला हात जातो तेव्हा ती असते. सोयाबीनच्या पोत्यात माती मिसळताना असते, आणि काट्यावर शेतकऱ्याचे वजन मारतानाही असते. भाऊबंदकीच्या खटल्यात साक्ष द्यायला उभे राहतो तेव्हा असते. आणि कर्जाने खचलेला शेजारी आठ दिवस पारावर दिसला नाही, तर आपण त्याच्या दारात जातो की नाही, तीही लढाईच आहे. तिथे जायला धैर्य लागते, कारण गेल्यावर काय बोलावे हे आपल्याला सुचत नसते. तरीही जावे. नुसते जाऊन बसले तरी चालते. मी एकदा विचारले नाही, ते मला आयुष्यभर पुरले.

गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्याची. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी दासी. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायला आला, असे लोक मानतात. स्वतःला ती नामदेवांची दासी म्हणवते, पण तिच्या वाणीत लाचारी औषधालाही नाही. दास होणे म्हणजे लाचार होणे नव्हे. माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली ती बाई जनाबाईच्याच गोताची.

उद्यापासून या मूर्तीला पुन्हा शेंदूर चढेल. चढावा, ती आपली रीत आहे. थर वाढतील आणि आपल्या नातवंडांना आतले काही दिसणार नाही. त्यांना तेवढे सांगून ठेवा, की आपला मारुती हात जोडून उभा आहे. त्या जोडलेल्या हातांतला एक तळवा सचोटीचा आहे आणि दुसरा कळवळ्याचा. एका तळव्याने नमस्कार होत नाही.

माझे बोलणे संपले. चुकले असेल ते माझे, चांगले असेल ते संतांचे. श्रमदानाची वही गाभाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. ज्याला आपला एखादा दिवस कमी किंवा जास्त लागला आहे असे वाटेल, त्याने आज रात्री प्रसाद घेण्यापूर्वी मला सांगावे.

रामकृष्ण हरि!